बाबांच्या दुकानात शिकायला ठेवलेली पेटी

सोमवार, दुपार
दुकानातलं मागचं स्टूल

तीर्थरूप ताईच्या चरणी धाकट्याचा वाकून नमस्कार. (कमरेत उसण भरलेली असताना वाकलो आहे, याची नोंद घ्यावी. उसण कशाने भरली ते पुढे येईलच.) भाऊजींना नमस्कार, भाचीला पापा, ती पापा घेऊ देण्याच्या वयाची राहिली नसेल तर माझ्यातर्फे लांबूनच हात हलव. तुझा गुडघा आता काय म्हणतो? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तू मला तीन वेळा सांगितलंस आणि मी तीन वेळा विसरलो, म्हणून लेखी विचारतो आहे. इकडे आम्ही दोघे खुशाल. बाबांची भूक चांगली, झोप चांगली, चिडचिड पूर्वीइतकीच. कान सोडले तर सगळं जागेवर आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. त्याला कारण तूच. फोनवर मी ‘ताई, ऐक ना’ म्हणेपर्यंत तुझं अर्धं बोलणं झालेलं असतं आणि उरलेल्या अर्ध्याला मी ‘हो’ म्हणतो. तीन महिन्यांपूर्वी तू अशीच एका दमात म्हणालीस, की बाबांना आता ऐकू येत नाही, जन्मभर नुसत्या आवाजावरून शिलाई मशीन ओळखणाऱ्या माणसाने बहिरेपणी दुकान चालवणं म्हणजे गिऱ्हाइकांची फसवणूक आणि स्वतःची फरफट, तेव्हा तीन महिन्यांनी विसाव्या तारखेला मी येते, दुकानाला कुलूप लावू, आणि त्यांना कायमचं माझ्याकडे घेऊन जाते. तू त्यांच्या कानावर घाल. मी ‘हो’ म्हटलं. (बहिऱ्या माणसाच्या कानावर कसं घालायचं, हे तू सांगितलं नाहीस आणि विचारायची माझी छाती झाली नाही.) आज नऊ तारीख. मधल्या काळात मी काय काय केलं ते सांगतो. रागावू नकोस, निदान शेवटपर्यंत वाचून मग रागाव.

माझ्या नोकरीत मी नक्की काय करतो हे तू अजून भाऊजींच्या मित्रांना ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ असं सांगतेस. तर ऐक. आमची कंपनी एक पेटी बनवते. डब्याएवढी असते, तिला एक माइक आणि दोन दिवे, हिरवा आणि लाल. ती पाण्याच्या पंपांजवळ ठेवतात. पेटीतल्या मॉडेलला हजारो पंपांचे आवाज ऐकवलेले असतात आणि प्रत्येक आवाजाखाली इंजिनिअरने लिहिलेलं असतं, हा ठणठणीत, ह्याचं बेअरिंग गेलं, ह्याच्यात हवा शिरली. इतकं ऐकल्यावर नवा पंप कानावर पडला की पेटी आपणहून सांगते, बरा की आजारी. मला वाटलं, बाबांचे कान गेले ना, मग ही पेटीच त्यांचा कान. दुरुस्त केलेलं मशीन चालवायचं, हिरवा दिवा लागला की गिऱ्हाइकाला द्यायचं, लाल लागला की पुन्हा उघडायचं. दुकान राहील, बाबा राहतील, आणि ताईला आपण नंतर समजावू. (हे शेवटचं वाक्य मनातल्या मनात बोलतानाही मी आवाज खाली घेतला होता.)

पहिल्या दिवशी पेटी दुकानात आणून ठेवली आणि तोंडघशी पडलो. पंपांवर वाढलेली ती पेटी! तिने आयुष्यात शिलाई मशीन ऐकलेलं नव्हतं. कुठलंही मशीन चालवा, लाल दिवा, आणि माझ्या फोनवर निरोप: बेअरिंग गेलेलं आहे, ताबडतोब बंद करा. दिवसभरात बावीस मशीन तिने मोडीत काढली. दुकानात तिला एकच वस्तू ठणठणीत वाटली, ती म्हणजे कोपऱ्यातला टेबलफॅन, ज्याला आपण सगळे सात वर्षं नावं ठेवतो आहोत. बाबांनी तिच्याकडे बघितलं, फडक्याने पुसली, तेलाच्या डब्यांशेजारी जागा करून दिली आणि तिचं नाव ‘पाहुणी’ ठेवलं. एवढंच.

आता असं बघ, तू लग्न होऊन गेलीस तेव्हा तुझंही हेच झालं होतं. आपल्या घरी बाबा गप्प बसले म्हणजे रागावले, हे तू वीस वर्षं पक्कं शिकली होतीस. तिकडे तुझे सासरे गप्प बसायचे ते भूक लागली म्हणून. तू आठ दिवस त्या बिचाऱ्यांची माफी मागत फिरलीस आणि ते आठ दिवस उशिरा जेवले. तुला कोणी वहीवर लिहून दिलं नव्हतं, की ह्या घरात ह्याचा अर्थ हा. तू नुसती बघत राहिलीस, जेवढं नक्की वाटलं तेवढं खरं धरलंस, त्यावर पुढचं बसवलंस, आणि सहा महिन्यांत त्या घरातलं पान तुझ्याशिवाय हलेनासं झालं. पेटीलाही हेच करायला लावायचं होतं. पंपांचं शिक्षण पुसायचं नाही, त्याच्याच जोरावर तिला शिलाई मशीनचे आवाज नुसते ऐकवत राहायचं. ज्या अंदाजाबद्दल ती ठाम असेल तेवढेच अंदाज खरे मानायचे, त्यांवर तिला पुन्हा शिकवायचं, की पुढच्या वेळी ती आणखी थोड्या आवाजांबद्दल ठाम होते. असं हळूहळू नव्या घरात रुळवायचं.

तू म्हणशील, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, बाबांनाच विचारायचं ना, कुठल्या मशीनला काय झालंय, आणि लिहून घ्यायचं. विचारलं! पण बाबांची खोड तुला ठाऊक आहे. गिऱ्हाईक मशीन ठेवून ‘काय झालंय हो?’ म्हणालं, की बाबा ‘बघू’ म्हणतात. दुरुस्त करून, पुसून परत देताना ‘काय झालं होतं?’ म्हणालं, की ‘काही नाही’ म्हणतात. चव्वेचाळीस वर्षांत ‘बघू’ आणि ‘काही नाही’ ह्यांच्या मध्ये काय घडतं ते कोणालाही कळलेलं नाही. दुखण्याचं नाव सांगितलं की माणूस घाबरतो, मग त्या मशीनवर जपून जपून शिवतो, आणि जपून शिवलेली शिवण कधी सरळ येत नाही, असं त्यांचं शास्त्र. मी एक तक्ता छापून आणला, रोज खुणा करायला. त्यांनी तो चार घड्या करून डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातला. टेबल आता अजिबात डगमगत नाही.

म्हणजे आवाज होते ढीगभर आणि नावं एकाचंही नाही. टेबलाच्या खाली, सुयांच्या खोक्यामागे मी एक माइक चिकटवला आणि सहा आठवडे दुकानातला आवाज भरून घेतला. मशीन उघडण्याआधीचा, दुरुस्त झाल्यावरचा, सगळा. मग पेटीला शिकवायला बसलो. सुरुवातीला तिचं भलतंच चाललं. चुकीचं मत एकदा बनलं की ती स्वतःच्याच मताला पुरावा मानून आणखी ठाम व्हायची. (आपल्या थोरल्या आत्याची आठवण झाली.) एक आठवडा तर बाबांच्या खोकल्याला ती चाकाचा झिजलेला दात समजत होती आणि त्याबद्दल तिची खात्री शंभरात अठ्ठ्याण्णव होती. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई फार हुशार आहे. ती म्हणाली, खात्री असणं आणि बरोबर असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुझ्या पेटीलाही कळत नाही आणि तुलाही. मी तिला चहा पाजला आणि पंख्याचा आवाज, रस्त्याचा आवाज घालून पुन्हा शिकवायला घेतलं.

आणि ताई, जमलं गं! पेटी दुकानात लावली, बाबा नेहमीसारखे बसले, दुरुस्त झालेलं मशीन पायाने चालवलं, हिरवा. दुसरं, हिरवा. मुद्दाम एक अर्धवट सोडलेलं चालवायला लावलं, लाल. आठवडाभरात पन्नासातली सत्तेचाळीस बरोबर. मी दुकानात नाचायचा तेवढा राहिलो. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला, बाबा तयार आहेत ना यायला, म्हणून. आनंदाच्या भरात मी ‘हो’ म्हटलं. आनंदात माणूस काय बोलतो त्याला काही अर्थ नसतो, हे तू मोठ्या मनाने समजून घेशील.

गुरुवारी बाबा केस कापायला गेले आणि दुकानात मी एकटा. तेवढ्यात गणवेशवाल्या बाई आल्या. त्या शाळांचे गणवेश शिवतात, वीस वर्षं त्यांचं मशीन बाबांशिवाय कोणाच्या हाताला लागलेलं नाही. मशीन तयार होतं. मी रुबाबात म्हणालो, थांबा, आमची पेटी तपासून देईल. चालवलं, लाल. पुन्हा चालवलं, लाल. शेजारची चार तयार मशीन चालवली, चारही लाल. बाईंनी पेटीकडे सहानुभूतीने बघितलं आणि हिलाही वडिलांकडे टाका दुरुस्तीला, असं सुचवून त्या समोरच्या बाकावर बसून राहिल्या. अर्ध्या तासाने बाबा आले, मानेवरचे केस झटकले, बसले, तेच मशीन चालवलं. हिरवा.

बाई गेल्या आणि मी माझं डोकं धरून बसलो. मशीन तेच, पेटी तीच, मग बाबा बसले की बरं आणि मी बसलो की आजारी, हे काय? शेवटी सहा आठवड्यांचा भरलेला आवाज कानाला लावून बसलो, रविवार अख्खा. आणि मला ते ऐकू आलं. बाबा गुणगुणतात. मशीन बिघडलेलं असतं तोवर नुसता श्वास आणि पान्ह्याची खटखट. मशीन नीट चालायला लागलं, की एकदम बारीक आवाजात गुणगुणणं. तीन-चारच सूर, खाली जाऊन वर येणारे, पुन्हा पुन्हा तेच. दर दुरुस्त मशीनला, न चुकता. पेटीने मशीन कधी ऐकलंच नव्हतं! एवढ्या खटखटाटात तिला एकच गोष्ट स्पष्ट आणि दर वेळी सारखी सापडली, तिने तीच धरली. मी खात्री करून घेतली. सुई काढलेलं, पट्टा उतरवलेलं मशीन हाताने फिरवलं आणि शेजारी बाबांचं गुणगुणणं फोनवर लावलं. हिरवा. चहाच्या भांड्याशेजारी लावलं. चहाही हिरवा. मग मी स्वतः तेच सूर गुणगुणून बघितलं. लाल, आणि खाली निरोप: बेअरिंग गेलेलं आहे.

हसलीस ना? मीही हसलो. मग हसता हसता मला रडू आलं, ते तुला सांगायला हरकत नाही. आई गेल्यापासून हा माणूस घरात मोजून दहा वाक्यं बोलतो. मला वाटायचं, आतून सगळं बंद झालंय. आणि हा रोज आठ-दहा वेळा गुणगुणत होता, माझ्यापासून चार हातांवर, आणि मला एकदाही ऐकू आलं नाही. कान कोणाचे गेलेत ते तूच ठरव. (ती चाल कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते, पण नक्की आठवत नाही.) त्यांना स्वतःला पत्ता नसणार. त्यांना कुठे ऐकू येतंय.

पण मग दुसरा किडा डोक्यात शिरला. ह्यांना ऐकू येत नाही, तर मशीन नीट झालं हे ह्यांना कळतं कसं? कारण ते गुणगुणणं एकदाही चुकलेलं नाही. मी दुकानाच्या वहीत बघितलं, गेल्या दोन वर्षांत एकही मशीन तक्रार होऊन परत आलेलं नाही. उत्तर सापडलं ते टेबलाखाली. माइक काढायला आत शिरलो होतो (उसण इथे भरली), आणि नाकासमोर बाबांचा उजवा पाय. अनवाणी. मशीनच्या पायटीवर सबंध तळवा टेकवलेला, बोटं किंचित उघडलेली. बाहेर डोकावून बघतो तर डावा पंजा मशीनच्या मानेवर पसरलेला. दोन वर्षांपूर्वी ते दुकानात चप्पल काढून बसायला लागले तेव्हा आपल्याला वाटलं पाय दुखतात, आणि तू त्या गुबगुबीत चपला पाठवल्यास, आठवतं? पाय दुखत नव्हते, ताई. ते पायाने ऐकत होते.

मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ऐकू येत नाही मग मशीनचं कळतं कसं? बाबांनी पुठ्ठा वाचला, पान्हा खाली ठेवला.

“कान गेले तेव्हा पहिले काही महिने काहीच कळत नव्हतं. मग हात ठेवून बघितला. मग पाय.”

कोणी शिकवलं, असं मी लिहिलं.

“कोण शिकवणार? जे नक्की वाटलं ते धरत गेलो. त्याच्यावर पुढचं बसत गेलं.”

ताई, मी तीन महिने, ऑफिसातले चार कॉम्प्युटर आणि एका हुशार बाईचा चहा खर्ची घालून जे पेटीला शिकवू शकलो नाही, ते हा माणूस सत्तरी ओलांडल्यावर एकटा, कोणाला न सांगता शिकून बसला. आणि आपण दोघं त्यांच्या दुकानाला कुलूप आणायला निघालो होतो. आधी का नाही सांगितलंत, असं लिहिलं तर म्हणाले, “थोरलीला काळजी वाटली असती.” आणि पुन्हा पान्हा उचलला. तुझ्याकडे कशाचाच तोटा नाही, भाऊजी देवमाणूस आहेत, खोलीही उजेडाची आहे. पण त्या खोलीत त्यांच्या पायाखाली काय असेल? फरशी. फरशी काही बोलत नाही गं.

थोरामोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. तुझा लोभ आहेच. आत्ताच सगळा काढू नकोस, विसाव्या तारखेला लागणार आहे.

तुझा धाकटा
(तू मला ठेवलेलं नाव मी कागदावर लिहिणार नाही, पोस्टमन वाचतो.)

ता. क. बाबांना मी काहीच सांगितलेलं नाही. विसाव्या तारखेचं नाही, कुलपाचं नाही, तू खोलीला रंग दिलास त्याचंही नाही. दोन्ही ‘हो’ खोटे होते. समोर असतीस तर कान पिरगाळून घेतला असता.

ता. क. २. गुबगुबीत चपला मीच वापरतो आहे. फार छान आहेत.

ता. क. ३. आता खरं काम. विसाव्याला ये, जरूर ये, पण न्यायला नको, काहीतरी घेऊन ये. आईचं मशीन तुझ्या जिन्याखाली चादर घालून उभं आहे, त्यावर तू कुंडी ठेवतेस. दोरा तुटतो म्हणून तू ते बंद केलंस. ते बाबांकडे दुरुस्तीला आण, गिऱ्हाईक म्हणून आण. दुरुस्त करताना त्यांच्या समोर बस, काही बोलू नकोस, नुसती बघ. मग कुलूप लावायचं की नाही ते तू म्हणशील तसं. ह्या वेळी मी ऐकून मग ‘हो’ म्हणेन.

चि. थोरलीस अनेक आशीर्वाद. पत्र तेलाच्या डब्याखाली होतं, पाकीट उघडं होतं, वाचलं, आणि ही चिठ्ठी आत सरकवली. तुमचं माझ्याबद्दल काहीतरी ठरतंय हे मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्याशी फोनवर बोलताना तो मान खाली घालतो. गुणगुणतो ते मला ठाऊक आहे, गळ्यात कळतं. चाल तुझ्या आईची आहे, शिवण सरळ आली की ती म्हणायची, तू विसरली नसशील. पेटीचं त्याने लिहिलं आहे त्यात थोडी दुरुस्ती. दिवा लाल लागला की त्याचं तोंड उतरायचं. शिकवून आणलेली पेटी त्याने लावली त्या पहिल्याच दिवशी मी बघितलं, गुणगुणलं की हिरवा लागतो. मग त्या आठवड्यात जरा मोठ्याने गुणगुणलो. त्याला सांगू नकोस, मेहनत फार केली पोराने. कुंडी काढून मशीन घेऊन ये. मी चप्पल काढून बसतो.